सात बंदरांचा हब

एका जंगलात, बाळांनो, पाणी कमी होतं आणि समित्या फार होत्या. हसू नका. तुमच्या सोसायटीतही तसंच आहे, पण ते तुमचे बाबा सांगतील. मोबाइल खाली ठेवा आणि ऐका.

तर त्या जंगलात एक पाणवठा होता. त्याच्या काठच्या झुडपात भागूबाई नावाची भेकर राहायची. भेकर म्हणजे लहानखुरं, भित्रं हरीण. घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. भागूबाईला एक पाडस होतं. दोघं सकाळ-संध्याकाळ तिथं पाणी प्यायची. तिची आई तिथंच प्यायची, आजीही तिथंच. इतकी साधी गोष्ट. साधी होती, म्हणून तर दरबारात गेली.

झालं असं, की चिखलेसाहेब नावाच्या रानडुकरानं राजाकडे अर्ज केला. "पाणवठा आम्हाला द्या. चिखलस्नानाचं रिसॉर्ट काढतो. चार जंगलांतले पाहुणे येऊन लोळतील. जंगलाचं नाव होईल."

वाघोबा महाराजांना लोळण्याची कल्पना फार आवडली. पण महाराज न्यायी होते. निदान गुहेबाहेरच्या पाटीवर तसं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

भागूबाई थरथरत पुढं झाली. "माझी आहे, महाराज. पाडस घेऊन मी जाऊ कुठं? पलीकडच्या डोहात मगर आहे."

"मगरीचा मुद्दा वेगळ्या समितीकडे जाईल," महाराज म्हणाले. "पाणवठ्यावर तुमची वहिवाट आहे, याचा पुरावा दे. पौर्णिमेला त्याच काठावर दरबार भरवू. दिवस मावळायच्या आत पुरावा पडद्यावर दिसला पाहिजे. नाही दिसला, तर पाणवठा चिखलेसाहेबांचा."

आता पुरावा होता हं. नव्हता असं नाही. एका मोराला स्वतःचे फोटो काढायचं वेड होतं. त्याच्या प्रत्येक फोटोत पुढं पिसारा आणि मागं पाणी पिणारी भागूबाईची आई. काही जुन्या फोटोंत तर आजीसुद्धा. मोरानं ते सगळे एका पेनड्राइव्हवर घालून दिले. भागूबाईनं तो पाल्यात गुंडाळून जिवापाड जपला.

पण दरबाराचा लॅपटॉप होता नव्या फॅशनचा. भाकरीसारखा पातळ. आणि त्याला एकच भोक! पेनड्राइव्ह जोडावा तर पडदा जोडता येईना. पडदा जोडावा तर वीज कुठून घालणार? शिवाय ते भोक इतकं चिमुकलं, की पेनड्राइव्ह त्यात शिरेचना. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, फुंकर मारून पाहिली. आपण सगळे करतो तेच.

मग हब घ्यायचं ठरलं. हब म्हणजे एका भोकाची पुष्कळ भोकं करणारी डबी. खरेदी समिती बसली. अध्यक्ष होते रानगवा सर्जेराव. कोल्ह्यानं दोन डब्या मांडल्या.

"ही तीन भोकांची. मजबूत आहे, तापत नाही. आणि ही सात भोकांची. हिला निळा दिवा लागतो."

"मला तीनच पुरे," भागूबाई म्हणाली. "पेनड्राइव्हला एक, पडद्याला एक, वीज यायला एक."

"बाई, दरबाराची काही शान असते की नाही?" सर्जेराव फुरफुरले. "उद्या चौथी वस्तू आली तर?"

"कुठली चौथी वस्तू?"

"ते उद्या बघू. काय हो कोल्होबा, निळा दिवा सारखा लागतो ना?"

झालं! सात भोकांची डबी आली.

आता भोकाला काय म्हणायचं? 'पोर्ट' म्हणणं दरबारात पाप. भाषाधिकारी होते पोपट विद्याधरपंत. त्यांनी डोळे मिटले, मान वाकडी केली आणि शब्द दिला: बंदर. पोर्ट म्हणजे बंदर. सात पोर्टांचा हब तो 'सप्तबंदर'. महाराज खूश झाले. लगेच दवंडी पिटली: दरबारात सात बंदरांची सोय करण्यात आली आहे.

ती दवंडी झाडावर पोचली. तिथं हुप्पेराव माकड शेंगा खात बसले होते. त्यांची सोयरीक नर्मदेपलीकडची. तिकडे माकडाला काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. हुप्पेरावांच्या हातातली शेंग गळून पडली.

"अरे उठा रे! आपल्या सात जणांची सोय झाली!"

पौर्णिमेला भागूबाई दरबारात आली, तेव्हा हबला सात माकडं चिकटली होती. चौघांनी मोबाइल लावले होते. पाचव्यानं लावला तो नेमका वीज आत यायच्या भोकाला, आणि वर कुरकुर, की माझाच कसा चार्ज होत नाही. सहाव्यानं मेमरी कार्डाच्या फटीत फुटाणे भरले. पडद्याच्या भोकात काहीच जाईना, म्हणून हुप्पेरावांनी स्वतःच्या शेपटीचं टोक खुपसलं. पण हक्क सोडला नाही!

"भाऊसाहेब, तेवढी शेपटी काढा ना," भागूबाई काकुळतीला आली. "घटकाभर. दिवस मावळतोय हो."

"मावशी, तुमच्याबद्दल आदर आहे," हुप्पेराव म्हणाले. "पण शेपटी समाजाची आहे. मी एकटा कशी काढणार?"

"महाराज, ही भोकं वस्तूंसाठी आहेत!"

महाराजांनी पोपटाकडे पाहिलं. विद्याधरपंतांचा चेहरा पडला होता. चूक त्यांच्या ध्यानात आली होती. पण शब्द दवंडीत गेला होता, आणि दवंडीत गेलेला शब्द मागं घेणं म्हणजे पोपटाला मरण.

"बंदर म्हणजे महाराज... अं... जिथं जहाजं लागतात ते."

हुप्पेराव ताडकन म्हणाले, "मग जहाज कुठंय? आणा की समोर! माकडं तर हजर आहेत."

त्या जंगलात जहाज कुणीच पाहिलं नव्हतं. सर्जेरावांनी मान डोलावली. चिखलेसाहेबांनी टाळी वाजवली. महाराज म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे."

इतक्यात हब इतका तापला, की एका माकडानं त्यावर शेंगा भाजायला ठेवल्या. निळा दिवा मात्र झकास लागला होता. लॅपटॉपनं एक केविलवाणा आवाज केला आणि मान टाकली. आत वीज जात नव्हती, होती ती माकडांनी ओढून घेतली. पडदा कोराच राहिला.

भागूबाई रडू लागली. तेवढ्यात मागून लप्-लप् आवाज आला. तिचं पाडस. दिवसभर उन्हात उभं राहून त्याचा घसा सुकला होता. ते दरबाराच्या पाठीमागं गेलं होतं आणि पाणवठ्यात तोंड घालून पाणी पीत होतं. सवयीच्या जागी, सवयीच्या दगडावर पुढचे पाय ठेवून. दगड भेकरांच्या खुरांनी झिजून गुळगुळीत झाला होता.

भागूबाईच्या जिवात जीव आला. ती भुंकली, "महाराज! मागं बघा! तो दगड बघा! माझ्या आजीपासून झिजलाय तो. नुसती मान वळवा!"

महाराजांनी मान वळवली नाही. ते पडद्याकडे बघत होते.

"बाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मागं काय काय असतं. ते सगळं बघत बसलो तर दरबार चालेल कसा? पडद्यावर आहे का?"

"पडदा बंद आहे, महाराज. पण पाडस तिथंच आहे!"

"म्हणजे पडद्यावर नाही."

सूर्य डोंगराआड गेला. पुराव्याअभावी पाणवठा चिखलेसाहेबांना मिळाला. दोन रानडुकरं गेली आणि त्यांनी पाडसाला पाण्यापासून ओढून बाजूला काढलं. तोंडातला घोटही त्याला धड गिळू दिला नाही. मेल्यांनो, निदान तेवढा तरी गिळू द्यायचा!

मग समितीनं हबच्या यशाबद्दल महाराजांचं अभिनंदन केलं आणि चौदा बंदरांच्या हबची शिफारस केली. माकडांच्या घरी पेढे वाटले गेले. पोपटाला पदक मिळालं.

भागूबाई पाडसाला घेऊन पलीकडच्या डोहाकडे निघाली. पाडस म्हणालं, "आई, तिथलं पाणी गोड असतं का गं?"

भागूबाई म्हणाली, "असतं. पण आधी मी पिणार. मी हाक मारली, तरच तू पुढं यायचं."

तात्पर्य: बाळांनो, सत्याचाच विजय होतो. फक्त सत्य जोडायला एखादं भोक रिकामं असावं लागतं. म्हणून शहाण्यानं सत्याच्या मागे न लागता वेळेवर जाऊन आपली शेपटी खुपसून ठेवावी.