राइस कुकरला टेकवलेलं घर

रोज दुपारी दोनच्या ठोक्याला आतेचं अख्खं घर आमच्या ओट्यावर राइस कुकरला टेकून उभं राहायचं. म्हणजे आते फोन कुकरला टेकवून ठेवायची, आणि त्यात तिची आई, मुलगी आणि अगदी कडेला कुणाचं तरी एक कोपर दिसायचं. इथे रियाधला दोन, म्हणजे तिकडे फिलिपिन्समध्ये संध्याकाळचे सात. आते दुपारचं जेवायची, ती मंडळी रात्रीचं. तिकडच्या टेबलाशी लॅपटॉपला स्वतःची खुर्ची होती. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्या लॅपटॉपपुढे ताटही वाढलेलं असायचं. भात, मासा, काटा, चमचा, सगळं व्यवस्थित.

"ते ताट कुणाचं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"माझं," आते म्हणाली. "मग काय उपाशी बसू?"

मी गुहागरची. अल मलाझमधल्या एका खासगी क्लिनिकच्या लॅबमध्ये रक्त काढायला आले होते. आते त्याच क्लिनिकच्या रिसेप्शनवर बावीस वर्षं बसत होती. क्लिनिकच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही दोघी. एक ते चार क्लिनिक बंद, तेवढाच आमचा संसाराचा वेळ. तिचं खरं नाव लुझविमिंदा. त्यांच्या देशातल्या तीन बेटसमूहांची नावं जोडून ते करतात म्हणे. आपल्याकडे एखादीचं नाव कोकणविदर्भमराठवाडा ठेवावं, तसं. मी पहिल्या आठवड्यात ते दोनदा म्हणून बघितलं आणि हात टेकले. मोठ्या बहिणीला त्यांच्यात 'आते' म्हणतात असं तिनेच सांगितलं, तेव्हा सुटले. माझं वैशाली तिने परस्पर 'शाली' करून टाकलं. आम्ही बोलायचो इंग्लिशमध्ये, म्हणजे तिचं इंग्लिश, माझं इंग्लिश, आणि दोघींना अडलं की हिंदी. ते सगळं इथे मी मराठीत सांगतेय, कारण आहे तसं लिहिलं तर माझ्या शाळेतल्या बाई मला माफ करणार नाहीत.

आतेला कुठलीही गोष्ट अवघड वाटायचीच नाही. "नेटवर बघितलंय, एकदम इझी!" हे तिचं ठरलेलं वाक्य. नेटवर बघून तिने आमचं गळकं सिंक दुरुस्त केलं, त्यानंतर खालच्या फार्मसीच्या छताला ओल आली. नेटवर बघून तिने माझे केस कापले. मी पुढचा महिनाभर लॅबमध्ये टोपी घालून वावरले आणि विचारणाऱ्याला स्वच्छतेचं कारण सांगितलं.

तिचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे बाल्कनीतला कार्ल्याचा वेल. रियाधच्या उन्हात माणूस वाळतो तिथे कारली! पण बाईने तांदळाचं धुवण घालून, ओल्या चादरीची सावली करून तो जगवला. फुलं आली, कारलं काही धरेना. मग दोन दिवस फोनमध्ये डोकं घालून बसली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लॅबमधल्या कापसाच्या काड्या गायब व्हायला लागल्या. मी स्टॉक मोजतेय, इकडे शोधतेय, तिकडे शोधतेय. वर जाऊन बघते तर आते काडीने या फुलातलं पिवळं उचलून त्या फुलाला लावतेय.

"हा नवरा, ही नवरी," ती म्हणाली. "इथे माशी येत नाही ना, शाली. कुणीतरी लग्न लावायला नको?"

कारली धरली. चांगली टेचात धरली. आम्ही दोघींनी मिळून इतकी कारली खाल्ली की शेवटी मी हात जोडले, तर म्हणे, पाल्याचीही भाजी होते, नेटवर आहे.

एकदा मला अळूवडीची फार आठवण आली म्हणून मी तिच्याच फोनवर कृती शोधली. झालं! त्या दिवसापासून तिच्या फोनला वाटायला लागलं की ही बाई मराठी आहे. तिला रोज एक नवीन मराठी मावशी दिसायला लागली. कुणी थालीपीठ थापतेय, कुणी कोथिंबीर निवडतेय. आतेला एक अक्षर कळायचं नाही, पण ती हाताचं बघून करायची आणि मधेच एखादा शब्द उचलायची. सकाळी मी डोळे चोळत उठावं आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या फिलिपिनो बाईने मला सांगावं, "छान खमंग!" चहा असायचा तो. पण तिचा चेहराच असा असायचा की मीही म्हणायची, हो गं बाई, खमंग.

खरं सांगायचं तर खाण्यात आमचं फार जुळलं. तांदूळ, नारळ, सुकी मासळी, यापलीकडे तिलाही जेवण माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. अळूची पानं आणली की अर्ध्याच्या मी वड्या करायची, अर्धी ती नारळाच्या दुधात शिजवायची. सुकी मासळी तळायला घेतली की खालून फार्मसीवाला इजिप्शियन डॉक्टर ओरडायचा, वर कोण मेलंय? आते खिडकीतून वाकून त्यालाच जेवायला बोलवायची. जेवताना कुणीही समोर दिसलं की त्याला बोलवायचंच, ही तिची रीत होती. माझी आई एकदा फोनवर होती, तर तिलाही म्हणाली या जेवायला. आई गुहागरहून म्हणाली, "नको हो, आत्ताच झालं."

रिसेप्शनवरची आते म्हणजे तर बघण्यासारखा प्रकार. "हो" म्हणायचं तर ती नुसत्या भुवया उडवायची. दिशा दाखवायची असली तर हात हलायचा नाही, ओठ पुढे काढून त्या बाजूला दाखवायची. तिच्या गावी सगळेच असं करतात. एकदा एका सौदी म्हातारीने लॅब कुठेय विचारलं. आतेने ओठांनी डावीकडे दाखवलं. म्हातारी तिच्याकडे कळवळून बघत म्हणाली, "दाढ दुखतेय का गं? वर दाताचा डॉक्टर आहे, जाऊन ये. मी थांबते."

असं सगळं मजेत चाललेलं असताना निताकतचं, म्हणजे नोकरीत सौदी माणसं ठेवायच्या सक्तीचं, प्रकरण आमच्या दारात आलं. ज्या कंपनीत सौदी माणसं कमी, तिचा रंग सरकारदरबारी हिरव्याचा पिवळा होतो आणि नवे व्हिसा बंद. आमचं क्लिनिक पिवळ्यात गेलं. लॅब आणि नर्सिंगला हात लावला नाही, पण रिसेप्शन सौदी हवं, असं कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे व्हिसा होते त्या मालकाने, सांगून टाकलं. माणूस वाईट नव्हता. त्याने आतेला स्वतः बोलावून चहा दिला आणि सांगितलं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायला चार महिने आहेत, तोवर थांब, नव्या मुलीला शिकव, मग खलास.

नवी मुलगी नूरा. विशीतली, हुशार, नकाब घालणारी. मला वाटलं, आते आता तोंड फुगवून बसणार. छे! तिने त्या पोरीला असं शिकवलं की स्वतःच्या लेकीला शिकवलं नसतं. फाइली कशा लावायच्या, रडणाऱ्या पोराला आधी काय द्यायचं, कुठल्या डॉक्टरला कुठल्या वेळी अजिबात हाक मारायची नाही. महिन्याभरात नूरा इतकी तयार झाली की माझ्या लॅबकडे रुग्ण यायचेच बंद झाले. मी चौकशीला गेले. बघते तर एकाने विचारलं लॅब कुठे, आणि नूरा नुसती बसून आहे. दुसऱ्याने विचारलं, तरी बसूनच. मग माझ्या लक्षात आलं. पोरगी आतेचं बघून ओठांनी दाखवत होती! नकाबाच्या आत! मी तिला सांगितलं तेव्हा ती हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

पण वर खोलीत आते बदलली होती. इथे टिकायचं म्हणून जे सुचेल ते करत होती. नेटवर बघून रक्त काढायला शिकते म्हणाली. मी दोन्ही हात मागे लपवले. साफसफाईच्या सुपरवायझरचं काम द्या म्हणून कफीलकडे गेली. समुद्राकाठच्या राबिघ गावी कुणाच्या तरी ओळखीने कॅन्टीनमध्ये जागा आहे म्हणून तिथे अर्ज केला. मला कळेना. लेक नर्स झालेली, मुलगा नोकरीला, घर बांधून झालेलं. मग हिला इथे काय सोनं लागलंय?

एके दिवशी मी बोललेच. "आते, बस झालं गं. लोक घरी जायला तरसतात. तुला आयतं मिळतंय तर पळतेस कुठे?"

ती वेलापाशी उभी होती. तिने भुवया उडवल्या नाहीत, की हसली नाही.

"शाली, कॉलवर मला सगळं येतं," ती म्हणाली. "केव्हा काय बोलायचं, आईला कसं हसवायचं, सगळं. पण घरी गेले की मला कुठे बसायचं तेच कळत नाही."

मग ती एकेक सांगत गेली. ती आली तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती, आणि मुलगा जोजो तीन वर्षांचा. नवरा बोटीवर होता, तो दुसऱ्या बेटावर उतरला आणि तिथेच त्याने दुसरा संसार मांडला. त्या काळी ती कॅसेटमध्ये आवाज भरून घरी पाठवायची. गोष्टी, गाणी, दात घासा, आजीचं ऐका. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. सुट्टीत घरी गेली की नवी चादर, नवा टॉवेल, चांगली खुर्ची. कपबशी विसळायला गेली तर तिघंही धावत यायचे, राहू दे, राहू दे. जोजो 'थँक यू' म्हणायचा. शर्ट दिला, थँक यू. भात वाढला, थँक यू.

"पोरगं आईला भात वाढल्याबद्दल थँक यू म्हणतं का गं?" तिने मला विचारलं.

तेव्हा मला कळलं, फोनच्या कडेला रोज दिसणारं ते कोपर जोजोचं होतं. तो कधी समोर येतच नसे. येऊन बोलणार काय? तिच्याशी त्याचं वाकडं नव्हतं, पण तिची सवयही नव्हती. आणि आता ही बाई दोन महिन्यांसाठी नव्हे, कायमची त्याच्या घरात राहायला जाणार होती. आमच्या घरी मी आणि आई दिवसातून चार वेळा कचाकचा भांडायचो, आणि त्या वेळी ते मला श्रीमंती वाटलं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, जा तू. बसायची जागा आपोआप होते. म्हणायला काय, मलाही खात्री नव्हती.

राबिघहून नकार आला. इकामा संपला. नूरा विमानतळावर सोडायला आली आणि आमच्या तिघींत सगळ्यात जास्त तीच रडली. आते मात्र डोळे कोरडे ठेवून, नोकरीच्या मुलाखतीला निघाल्यासारखी नसलेला पदर सावरत आत गेली.

पुढे तीन आठवडे तिचा फोन नाही. मेसेज केला की अंगठा यायचा, नुसता अंगठा. माझा जीव टांगणीला लागला. एवढी बोलकी बाई, आणि अंगठा? माझ्या डोळ्यांपुढे सारखं तेच यायचं, नव्या टॉवेलशेजारी अवघडून बसलेली आते.

मग एका सकाळी, लॅबमध्ये माझ्या हातात एका माणसाचा दंड असताना, फोन वाजला. आते! केस पिंजारलेले, डोळे सुजलेले, गाल ओले.

मी सुई खाली ठेवली. "काय झालं गं?"

"जोजो ओरडला मला!"

"का? काय केलंस तू?"

वादळात छपराचा पत्रा सुटला होता. जोजो तो ठोकायला वर चढला, आणि शिडी धरायला त्या वेळी घरात दुसरं कुणीच नव्हतं. म्हणून आते धरून उभी राहिली. शेजारीण रस्त्यावरून गेली. आतेने तिला जेवायला बोलवायला म्हणून शिडी सोडली. शिडी हलली आणि वरून जोजो कडाडला, "नाय! तुला शिडी धरायला सांगितलं होतं ना? कितीदा सांगायचं? एक काम धड करत नाहीस!" 'नाय' म्हणजे त्यांच्यात आई.

"आणि तू रडत बसलीस?" मी म्हटलं. माझ्यासमोरच्या रुग्णाने दंड तसाच पुढे धरला होता, त्यालाही आता ऐकायचं होतं.

"रडले म्हणजे काय, धाय मोकलून रडले! बावीस वर्षांत त्या घरात मला कुणी ओरडलं नव्हतं, शाली. तो घाबरून खाली आला. म्हणाला, लागलं का? मी म्हटलं, नाही रे, अजून ओरड. तर म्हणाला, वेड लागलंय का तुला?"

आता मीही डोळे पुसायला लागले होते, तेही हातमोजे घातलेल्या हातांनी. "मग?"

"मग काय! मी म्हटलं, वेडी कुणाला म्हणतोस? चपला घालून शिडीवर चढतोस, अक्कल आहे का? तर तो म्हणाला, तू मला शिकवू नकोस. मी म्हटलं, शिकवणार!" आतेने नाक पुसलं. तिच्या मागे कुणीतरी अजून तणतणत होतं, मोठ्याने, भांडी आपटत. तिने अभिमानाने फोन त्या बाजूला वळवला.

"ऐकतेस ना? सकाळपासून भांडतोय आम्ही!"