मोनाच्या शिंगामागचे नऊ

मला एक गोष्ट येते, आणि ती अख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतकी कुणाला येत नाही! लोकांना वाचायला लावणं. हसू नका. पुस्तकं लिहिणाऱ्यांचं सोडा, त्यांना कोण वाचतं? माझं डिजिटल फलकांचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली. माझ्या फलकाखाली माणूस गाडी थांबवतो, मान वर करतो आणि शेवटच्या शुभेच्छुकापर्यंत जातो. सिग्नल हिरवा झाला तरी हलत नाही. मागचे हॉर्न वाजवतात, मग तेही मान वर करतात!

तर अवंतिका, म्हणजे माझी बायको, गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. (गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारचं गाव विचारेल, आमचं का नाही?) उन्हाळी सुट्टी संपत आली होती. जेवताना ती म्हणाली, "नवे नियम आलेत. शनिवारची शाळा आता सातला नाही, नऊला. दप्तर आणायचं नाही. आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस नेमका शनिवार! त्याच दिवशी केंद्रप्रमुख पोरं मोजायला येणार."

"मोजू दे की."

"पटावर बावीस आहेत. वीसच्या खाली दिसली, तर शाळा ओढ्यापलीकडच्या शाळेत मिसळून टाकणार. पहिलीतली पोरं पावसाळ्यात तो ओढा ओलांडणार आहेत? घरीच बसतील ती, अहो."

"मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाक."

"टाकलं. उत्तर म्हणून गुलाबाची फुलं आली. एकानं विकायच्या म्हशीचा फोटो टाकला, त्यावर दिवसभर चर्चा झाली. परिपत्रक एकानंही उघडलं नाही! दरवर्षी मी घरोघर फिरते, पण उद्यापासून आठवडाभर प्रशिक्षण आहे. संध्याकाळी तरी जाऊन येते झालं."

"कशाला? मी आहे ना! एक फलक, बास. दूध डेअरीच्या भिंतीवर. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथं दूध घालायला येतं. तू अजिबात फिरायचं नाहीस."

शिट्टी न लावता कुकर चढवणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

"नक्की?"

"अगं, फलक म्हणजे फलक!"

तिनं मजकूर लिहून पाठवला. मी तो उचलला आणि जसाच्या तसा चिकटवला.

फलक पहिला

*पालकांना नम्र सूचना. सुट्टीनंतर शाळा शनिवारी सुरू होत आहे. शनिवारची शाळा यापुढे सकाळी नऊ वाजता भरेल. मुलांनी दप्तर आणू नये. त्या दिवशी पटपडताळणी असल्याने प्रत्येक मूल हजर राहणे अत्यंत गरजेचे आहे. आपली शाळा आपल्या गावात राहावी, ही विनंती.*

*शुभेच्छुक: केरबा*

केरबा डेअरीचे चेअरमन. भिंत त्यांची, म्हणून कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढा त्यांचा फोटो. बाकी सगळी अक्षरं! पिवळ्यावर लाल! आंधळ्यालाही दिसेल असा फलक.

दुसऱ्या दिवशी फोन.

"मास्तरीणबाईचं मालक न्हवं का?"

"हो. आपण?"

"बाळाबाई. फलक बघितला."

"वाचलात?"

"बघितला म्हन्लं की! केरबाचा फोटू हाय. माझा न्हाय."

"आजी, ती शाळेची सूचना आहे."

"व्हय? मग सांगा, केरबाची शाळंत किती पोरं? एक नात. माझी चार नातवंडं हायत की! शाळा कुणाची जास्ती?"

गणित बिनचूक होतं.

"फोटू न्हाय, तर पोरं न्हाईत. ती विंग्रजी शाळंची पिवळी बस रोज दारात येऊन भोंगा वाजिवतीया. चढवीन चारी!"

बाविसातून चार! मी लगेच फलकाची फाइल उघडली.

फलक दुसरा

*पालकांना सूचना. शनिवारची शाळा यापुढे सकाळी नऊ वाजता. दप्तर नको. सर्वांनी हजर राहावे.*

*शुभेच्छुक: केरबा, बाळाबाई*

बाळाबाईंचा फोटो आधारकार्डावरचा होता. म्हणजे त्या त्यात स्वतःवरच रागावलेल्या दिसत होत्या. तरी खूश झाल्या. केरबा नाही झाले.

"पावणं, म्हातारीचा फोटू माझ्यापरीस मोठा कसा?"

"मोठा नाही हो. डोक्यावरच्या पदरामुळं दिसतो."

"मग मला फेटा बांधा."

"तुमच्या फोटोत फेटा नाही."

"तुमच्या मशिनीत असंल की!"

होता. बांधला. कोल्हापुरी फेट्याला जागा लागते. 'सर्वांनी हजर राहावे' ही ओळ त्या तुऱ्याखाली गेली.

मग अमरसिंह आले. गावातल्या युवा मंचाचे अध्यक्ष. दुकानात आले, खुर्चीत बसले, चहा मागवला, माझ्याच दुकानात मलाच पाजला.

"आमच्या भावकीतली पाच पोरं हायत शाळंत. म्हटलं, आठवण करून द्यावी."

"कसली?"

"कसली न्हाय. नुसती."

त्यांनी फोटो पाठवला. काळा गॉगल, पांढरे कपडे, कानाला फोन, चालताना.

"फोनवर कुणाशी बोलताय यात?"

"कुणाशी, ते म्हत्त्वाचं न्हाय. बोलतोय, हे म्हत्त्वाचं."

*(इथं एक परिच्छेद होता. अवंतिका प्रशिक्षणातून थकून आल्यावरही पहिलीच्या मुलांसाठी पुठ्ठ्याची अक्षरं कशी कापत बसायची, ते त्यात सांगितलं होतं. अमरसिंहांचा फोटो उभा असल्यामुळे तो काढावा लागला. क्षमस्व.)*

फलक तिसरा

*शनिवारी शाळा नऊ वाजता. दप्तर नको.*

*शुभेच्छुक: केरबा (फेट्यात), बाळाबाई, अमरसिंह (फोनवर)*

आता तरी संपलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं!

"पावणं," केरबांचा फोन, "त्या अमरसिंगाचा पायापतुर फोटू, आन् माझा नुसता मुंडक्याचा?"

"तुमचाही पूर्ण टाकतो."

"माझा नगं. मोनाचा टाका."

"मोना कोण? नात?"

"म्हैस!"

"केरबा, म्हशीचा शाळेशी काय संबंध?"

"आसं कसं? दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत पयला नंबर हाय तिचा! आन् शाळंतली निम्मी पोरं तिच्या दुधावर वाढल्यात. अमरसिंगानं काय पाजलंय कुणाला?"

अमरसिंहांनी मला नुकताच चहा पाजला होता, पण मी मोनाचा फोटो मागवला.

मोनाचे दोन फोटो आले. एक समोरून, एक बाजूनं. "कुठला घेऊ?" असं विचारायची मी चूक केली. केरबा म्हणाले, दोन्ही. म्हैस बघितलीय ना तुम्ही? नुसती शिंगं पसरली तरी एक ग्रामपंचायत मावते!

*(इथं अवंतिकाचा फोन होता. 'फलक नीट लागलाय ना? वेळ ठळक आहे ना?' एवढंच विचारत होती. शिंगांमुळे छोटा केला.)*

फलक चौथा व शेवटचा

*केरबा (फेट्यात)*
*मोना        मोना*
*बाळाबाई*
*अमरसिंह (फोनवर)*
*शनिवारी शाळा            वाजता*

त्या मोकळ्या जागेत 'नऊ' होते. आहेत. समोरून काढलेल्या मोनाच्या उजव्या शिंगामागं. मी ते शिंग जरा वर उचलून बघितलं, तर केरबांच्या फेट्यात घुसलं. खाली घेतलं, तर अमरसिंहांच्या गॉगलात. शेवटी नऊच मागं ठेवले. म्हटलं, गावकरी शहाणे आहेत, समजून घेतील.

शुक्रवारी संध्याकाळी जुना फलक उतरवून नवा चढवला. खाली येऊन बघतो, तर केरबांनी वरून चादर सोडलेली!

"हे काय?"

"उद्या सकाळी अनावरण हाय. हलगीवाला सांगितलाय. तंवर कुणी बघायचं न्हाय!"

म्हणजे लोकांनी वाचावा म्हणून केलेला फलक, लोकांनी वाचू नये म्हणून झाकून ठेवला होता. मी गाडीला किक मारली आणि घरी आलो. अवंतिकानं विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हणालो. खोटं नव्हतंच की!

शनिवारी तिला सोडायला मीच गेलो. नऊला थोडा अवकाश होता. शाळेला कुलूप. मैदानात चिखल, आणि चिखलात बारीक-बारीक पावलं: फाटकापासून दारापर्यंत आणि दारापासून परत. पोरं सातला येऊन, कुलूप बघून निघून गेली होती. अवंतिका त्या पावलांकडे बघत उभी राहिली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं!

तेवढ्यात मोटरसायकल थांबली. केंद्रप्रमुख. हातात कागद, चेहऱ्यावर नियम.

"मॅडम, मुलं?"

अवंतिकाचा चेहरा पांढऱ्या रश्श्यासारखा झाला. माझा तांबड्या.

आणि लांबून, डेअरीच्या बाजूनं, आवाज आला. हलगी! कडकड-कडकड!

"साहेब," अवंतिका म्हणाली, आणि एवढी ठाम म्हणाली की क्षणभर माझाही विश्वास बसला, "आज दप्तरमुक्त शनिवार. मुलं परिसरभेटीला गेलीत. दूध डेअरी."

आम्ही डेअरीजवळ पोचलो. सगळं गाव तिथं. भिंतीवर चादर अजून तशीच. पुढं झूल पांघरलेली, शिंगांना रंग दिलेली साक्षात मोना. आणि मोनाभोवती सगळी शाळा! फक्त एक अडचण होती. प्रत्येकाच्या पाठीवर दप्तर.

बाळाबाईंनी अवंतिकाचा चेहरा बघितला. मग साहेबाच्या हातातला कागद बघितला. त्या बाईनं आयुष्यात परिपत्रक वाचलेलं नाही, पण माणूस वाचला! हातातली काठी आपटली आणि ओरडल्या, "ए पोरांनू! टाका पाठीवरचं हिकडं! म्हस बुजतीया!"

धडाधड ढीग पडला. त्यावर बाळाबाईंनी लुगड्याचा घोळ पसरला आणि कोंबडी अंड्यांवर बसावी तशा बसल्या.

"आजी, खाली काय आहे?" साहेब.

"वैरण."

"वैरणीला बंद कसले दिसतात?"

"आताच्या वैरणीला असत्यात."

साहेबांनी बाळाबाईंकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं आणि सरळ पोरं मोजायला घेतली. मोनाभोवती फिरत मोजली. पोरं हलत होती म्हणून परत मोजली. अवंतिकानं माझा दंड धरला होता, आणि तिची नखं कापायची राहिली होती, हे मला तेव्हा कळलं.

"बावीस," साहेब म्हणाले. "पूर्ण पट हजर! शाबास."

नखं सुटली. हलगी कडाडली! केरबांनी त्या भरात चादर ओढली. फलक उघडा झाला. टाळ्या! अमरसिंह फलकातल्यासारखेच फोन कानाला लावून उभे राहिले. जो तो बोट दाखवत होता, "ह्यो बघ केरबा! आयला, फेटा! ही बघ म्हातारी! आन् मोना दोनदा!"

साहेबांनी चष्मा पुसला. फलक वरून खाली बघितला. खालून वर बघितला.

"छान आहे," ते म्हणाले. "शाळेचाच ना? मग यात मॅडम कुठं आहेत?"

हलगी थांबली.

सगळं गाव फलकाकडे वळलं. मग फलकावरून माझ्याकडे. मी मोनाकडे बघितलं. तिनं मान फिरवली.

"एवढी वर्सं पावसापाण्यातनं येत्यात त्या," बाळाबाई ढिगावरून म्हणाल्या, "आन् तुमास्नी म्हस घावली?"

"पावणं," केरबा म्हणाले, "हे काय बरं न्हाय केलासा." आणि ते मोनाचे मालक!

शाळा सुटल्यावर मी अवंतिकाला कोल्हापूरला घेऊन आलो. घरी आल्यावर म्हणाली, "फोटोचं काही नाही मला." ज्याचं लग्न झालंय, त्याला या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

मी त्या दिवशी जेवलोही नाही. (वाढलंच नव्हतं.) दुकानात जाऊन एकट्यानं फलक केला. पहिल्यापेक्षा दुप्पट. वर, खाली, आडवी, उभी, फक्त अवंतिका! फेटा नाही, म्हैस नाही, शुभेच्छुक नाही. आणि खाली पूर्ण सूचना, स्वतःच्या मनानं, ठळक, एकही अक्षर न झाकता. डेअरीच्या भिंतीवर स्वतः लावला आणि सोमवारी तिला मुद्दाम तिकडून नेलं.

ती गाडीवरून उतरली. फलकाखाली उभी राहिली. मान वर केली. हळूहळू हसू यायला लागलं. मी मनात म्हटलं, मिटलं!

"अहो," ती म्हणाली, "खालची ओळ वाचा."

मी वाचली.

*शनिवारची शाळा सकाळी सात वाजता.*

काय आहे, तिनं पाठवलेला तो मजकूर मी उचलला होता, चिकटवला होता, लहान केला होता, शिंगामागं ढकलला होता. वाचला मात्र कधीच नव्हता! डोक्यात वर्षानुवर्षांची सातचीच वेळ बसली होती, तीच हातातून उतरली.

त्या आठवड्यात ती संध्याकाळी घरोघर फिरली. पुढच्या शनिवारी सगळी पोरं नऊला आली, दप्तराशिवाय.

आणि फलक? तो आता केरबांच्या गोठ्यावर आहे. गगनबावड्याकडचा पाऊस तो, प्लास्टिक वाया जात नाही. छापील बाजू खाली केलीय. मोना रवंथ करत दिवसभर वर बघत असते. माझा एखादा फलक पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत कुणी वाचला असेल, तर तिनंच.