जिना कुणाच्या वाट्याला

दुपारी दोन ते चार घराखालच्या दुकानात गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा धाकटा नव्या गादीची परीक्षा घ्यायचा. म्हणजे तिच्यावर झोपायचा. गादी चांगली असेल तर साडेचारला जाग यायची, आणि थोरल्या भावाच्या हातची गादी चांगलीच असायची. खिडकीतून तिरपं ऊन यायचं, त्यात कापसाचे तंतू तरंगत राहायचे. खाली उतरावं की नाही, हे त्यांचंही ठरलेलं नसायचं. चाळिशी उलटली तरी धाकट्याचं तसंच होतं. लग्न करायचं त्याच्या फार मनात होतं, पण तेवढ्यात डोळा लागला, असं वहिनी म्हणायची.

अशाच एका दुपारी झोपेत फोनला बोट लागलं आणि एक बाई बोलू लागली. ‘वाटणी. आठ धडे, घरबसल्या, विनामूल्य.’ घरातली कामं सगळ्यांत सारखी कशी वाटून घ्यावीत, हे ती शिकवायची. आवाज इतका मऊ की धाकटा पुन्हा झोपायच्या बेतात होता.

“तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं?” बाईने विचारलं.

धाकट्याने डोळे उघडले. पंचवीस वर्षं तो वहिनीच्या हातचं जेवत होता आणि वहिनीला जेवताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. मग रोज दुपारी तो धडा लावू लागला. अर्धा जागेपणी ऐकायचा, अर्धा झोपेत.

चौथ्या धड्यात गृहपाठ होता. घरातली एकेक जागा लिहा, ती कोण साफ ठेवणार त्याचं नाव पुढे लिहा. धाकट्याने लिहिलं, ‘स्वयंपाकघर – मी. बाथरूम – मी. गच्ची – मी. पुढची खोली – दादा. जिना – दादा. वहिनी – मोकळी.’ वर मथळा दिला, ‘वाटणी’. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि सदरा धुवायला टाकला.

ती वहिनीच्या हाती पडली.

“म्हणजे मी जिन्याने वर यायचं, खोलीत बसायचं, आणि जिन्याने खाली जायचं,” थोरला चिठ्ठी उलटसुलट करत म्हणाला. “जेवायचं कुठे? आंघोळ कुठे करायची?”

“आणि मी मोकळी,” वहिनी एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थोरला दुकानात उशी भरत बसला. लागेल त्याच्या दुप्पट कापूस कोंबून झाला तेव्हा त्याला कंठ फुटला.

“मनात कधीपासून होतं रे?”

धाकटा समजला, चिठ्ठी सापडली. “झाले चार-पाच दिवस. रोज दुपारी शिकतोय.”

“वाटणी शिकतोयस?”

“फुकट आहे, दादा. प्रमाणपत्रसुद्धा देतात.”

सुई थोरल्याच्या बोटात शिरली. “मला जिना दिलास.”

दादाचे गुडघे दुखतात हे धाकट्याला आत्ता आठवलं. “नको असेल तर जिनाही मी घेतो. तुला नाही झेपायचा.”

“घे बाबा. जिनाही घे. पण तुझ्या वहिनीचं काय?”

“तिने आजवर केलं तेवढं पुरे. आता तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं. तिला काही बोलू नकोस हं. एकदम कळू दे. खूश होईल.”

थोरल्याने उरलेला कापूसही त्याच उशीत कोंबला.

तोवर पाचवा धडा आला. स्वयंपाकघरात काय कुठे असतं ते आधी पाहून ठेवा. संध्याकाळी वहिनी आत आली तर धाकटा फळ्यांवरची भांडी मोजून लिहून घेत होता.

“भाऊजी,” तिने कसंबसं विचारलं, “तो पितळी डबा तेवढा राहू द्याल का माझ्याकडे? आईचा आहे.”

“छे छे! यातल्या कशालाच आता तू हात लावायचा नाहीस,” धाकटा प्रेमाने म्हणाला.

वहिनी डबा पोटाशी धरून पुढच्या खोलीत गेली आणि तिथे पोटभर रडली. थोरल्याने रात्रभर छताकडे पाहिलं. या धाकट्याला त्याने खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. त्याच्याशी जागेवरून भांडायचं, हे काही त्याच्या पिंडात नव्हतं.

तीन दिवसांनी दुपारी दुकानात त्याने कागद केला. ‘स्वयंपाकघर, बाथरूम, गच्ची, खोली, सगळं जिन्यासकट धाकट्याला. मला काही नको.’ खाली सही. साक्षीला समोरचा चष्मेवाला बोलावला. वहिनी डबा मांडीवर घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. धाकटा नव्या गादीवर गाढ झोपला होता. छातीवरच्या फोनमध्ये आठवा धडा संपत आला होता.

“दुसरी बाजू ऐकल्याशिवाय मी सही करत नसतो,” चष्मेवाला म्हणाला. “उठवा त्याला.”

“झोपू दे. दमला असेल,” थोरला म्हणाला.

तेवढ्यात फोन किणकिणला.

“आलं वाटतं प्रमाणपत्र,” थोरला फोन चष्मेवाल्याच्या हाती देत म्हणाला. “वाचा तुम्हीच.”

चष्मेवाल्याने चष्मा बदलला, फोन लांब धरला, जवळ घेतला. “‘घरकामाची समान वाटणी हा अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल...’ अहो, घरकाम लिहिलंय.”

“म्हणजे?”

“भांडी. केर. फरशी.”

उन्हात तंतू तरंगत राहिले. मग पायरीवरून वहिनीचं हसू फुटलं. हसता हसता तिने डोळे पुसले, उठून थोरल्याच्या हातातला कागद घेतला आणि चष्मेवाल्यापुढे धरला.

“करा सही.”

धाकटा साडेचारला उठला तेव्हा घरातलं सगळं काम त्याच्या नावावर, साक्षीदारासह, झालेलं होतं. कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागला होता. त्या संध्याकाळी वहिनी सगळ्यांच्या आधी जेवली. भाजी करपली होती, तिने दोनदा मागून घेतली.

सकाळी धाकटा डोळे चोळत केरसुणी शोधत बाहेर आला. थोरला वरच्या पायरीवर बसून, गुडघा धरत, एकेक पायरी झाडत खाली सरकत होता.

“दादा, जिना माझ्याकडे आहे. कागदावर सही आहे तुझी.”

“तो कागद तुझ्या वहिनीचा,” थोरला मान वर न करता म्हणाला. “जिना तू मला आधी दिलास. तो मी परत देणार नाही.”