अमावास्येचा भाडेकरू

अमावास्या आली की आमचा शिरसाठ खुशीत. सकाळीच दाढी करतो, जिन्यात शीळ घालतो. पौर्णिमेला मात्र पडदे ओढून आत पडून. ही काही सरळ माणसाची लक्षणं नव्हेत. मी चौथी शिकलोय, पण ट्रकवर अख्खा देश पालथा घातलाय. माणूस बरोबर ओळखतो.

नाशकात द्वारकेला माझं घर आहे, खालची खोली त्याला भाड्यानं दिलीय. आला तेव्हाच विचारलं होतं, "काम काय करता?"

"काका, दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. जवळ आले की कधीकधी त्यांतून गॅमा किरण निघतात. ते बघतो."

"दिसतात?"

"नाही. जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. वर हवेत बारीकशी निळी चमक उठते, डोळा लवायच्या आत संपते. ती टिपणारी दुर्बीण लडाखला. मी इथून कॉम्प्युटरवर बघतो."

म्हणजे न दिसणाऱ्या, न पोचणाऱ्या वस्तूवर पाळत, तीही नाशकातून! आणि याला पगार?

त्याच्या कॅलेंडरवर दर अमावास्येला लाल गोल. ते बघितल्यापासून मी घरातली लिंबं मोजायला लागलो. शेवटी परवाच्या पौर्णिमेला दुपारी खाली गेलोच.

"शिरसाठ, महिनाअखेर खोली खाली करा. अमावास्येची भानगड माझ्या घरात नाय चालायची."

"अहो काका, चांदण्यात ती चमक बुडून जाते. म्हणून अमावास्या. आज दुर्बीण बंद."

"मग सुट्टी आहे तर गंगेवर, गोदेच्या घाटावर हिंडून या. अंधारात काय बसता?"

त्यानं टेबलाकडे बघितलं. तिथं एक बायकी चष्मा होता, लख्ख पुसलेला.

"हिचा," तो म्हणाला. "ताऱ्यांची एक जोडी पन्नास वर्षांतून एकदा जवळ येते. तेव्हा लडाखला दुर्बिणीवर माझी पाळी होती. इकडे हिला दवाखान्यात ठेवलं. मी सगळं सोडून आलो. दोन दिवस बोलली, मग गेली."

"आणि तारे?"

"ते आता माझ्या हयातीत नाहीत." जरासा हसला. "काम असलं की बरं असतं, काका. पौर्णिमेला खोली खायला उठते."

मला सगळं पटलं असं नाही. पण म्हटलं, "खोलीचं नंतर बघू. माझी नजर राहणार तुमच्यावर. दर पौर्णिमेला वर येऊन माझ्यासमोर जेवायचं. हजेरी समजा."

वर आलो आणि आमच्या कॅलेंडरवर पुढच्या पौर्णिमेला लाल गोल केला.

"हे काय नवीन?" आमच्या हिनं विचारलं.

तिला काय सांगायचं? माणसावर पाळत ठेवायची तर तारीख नको का लक्षात राहायला!