लेलेकाकांचा नारळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सदाशिव लेले हे नाव घेतो. पुण्यात नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहायचो. अर्धवट बांधलेल्या पुलाखाली पिशवीत नारळ घेऊन उभा राहिलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पूल गणपतीपर्यंत खुला होणार, असं पेपरात छापून आलं होतं. काकांनी बातमी कापून ठेवली आणि गणपती बसले त्या सकाळी इस्त्रीचा सदरा घालून तिथे गेले. मला बरोबर नेलं. पुलाचे खांब होते, वर काहीच नव्हतं.

"अहो, उद्घाटन किती वाजता?" काकांनी रखवालदाराला विचारलं.

"कसलं उद्घाटन, आजोबा?"

"पुलाचं. आम्ही नारळ आणलाय."

घरी येऊन काकांनी त्या नारळाची चटणी केली. आमच्याकडे चटणी झाली, की शहरात काहीतरी अडलंय असं समजायचं. चटणी फार वेळा व्हायची.

काका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. कचेरीनं मोडीत काढलेलं बारा कप्प्यांचं कपाट त्यांनी निवृत्त झाल्यावर घरी आणलं. महिन्याला एक कप्पा. पेपरात कुणी काही कबूल केलं, की ज्या महिन्यात ते खरं व्हायचं त्या कप्प्यात कात्रण जायचं. समासात लाल शाईनं एकच शब्द, 'बघू'. मुदत संपली की शेरा, 'झाले नाही'. क्वचित एखादी गोष्ट झालीच, तर काका दिवसभर जरा उदास असायचे.

'रोज अक्रोड खा, हृदय सांभाळा' ही बातमी वाचून म्हणाले, "अक्रोडवाल्याचं हृदय नक्की सुधारेल."

मी बुधवार पेठेत संगणकाच्या क्लासला जायचो. संगणकामुळे कागद हद्दपार होणार, अशी बातमी आली तेव्हा काका म्हणाले, "पदवीधर, उद्या क्लासातली कचऱ्याची टोपली बघून या." मला ते पदवीधरच म्हणायचे. मी खरंच बघून आलो.

"काका, दोन टोपल्या आहेत. दोन्ही कागदांनी भरलेल्या."

"पूर्वी एक असेल," काका म्हणाले.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. वाशीम जिल्ह्यातल्या एका लहान गावात वडिलांचं शिलाईचं दुकान. त्यांनी मला एक वर्ष दिलं होतं. नोकरी लागली नाही तर परत येऊन मशीनवर बसायचं. पहिल्याच दिवशी मी काकांना म्हणालो, "मार्चअखेर मी हिंजवडीत नोकरीला असेन."

"हे तोंडी झालं. लेखी द्या."

मी लिहून दिलं. काकांनी माझ्यासमोर त्यावर 'बघू' लिहिलं आणि चिठ्ठी मार्चच्या कप्प्यात टाकली. पुलांच्या आणि अक्रोडांच्या रांगेत मी! फार लागलं मला ते.

मुलाखती होत राहिल्या. इंग्रजीत स्वतःबद्दल सांगा म्हटलं, की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. काका रोज सकाळी इंग्रजी पेपर मला मोठ्यानं वाचायला लावायचे. "माझे डोळे दुखतात," म्हणायचे. मराठी पेपरातल्या छोट्या जाहिराती मात्र त्यांना चष्म्याशिवाय दिसायच्या.

मार्चची एकतीस तारीख उजाडली. नोकरी नव्हती. मी बॅग भरली. संध्याकाळची गाडी होती. काका बाहेर गेले होते आणि टेबलावर नारळ होता. आज माझी चटणी, हे मी ओळखलं. शेरा तरी पाहावा म्हणून मी मार्चचा कप्पा उघडला.

'झाले नाही' असं कुठेच नव्हतं. 'बघू'च्या पुढे लिहिलं होतं: 'मुदतवाढ, जूनअखेर. उमेदवार कष्टाळू आहे.'

खाली एक जुनी, पिवळी पडलेली चिठ्ठी होती. 'दोन वर्षांत परत येतो. शिरीष.' शिरीष म्हणजे अमेरिकेला गेलेला काकांचा मुलगा. भिंतीवर त्याचा फोटो होता, पण काका त्याच्याविषयी कधी बोलत नसत. त्या चिठ्ठीवर सहा मुदतवाढी होत्या. बाकी साऱ्या कपाटात कुणालाच एकही नव्हती.

तेवढ्यात काका आले. "बॅग का भरलीत?"

"वडिलांनी दिलेली मुदत संपली, काका."

"त्यांना मी पत्र टाकलं होतं. परवा उत्तर आलंय. तीन महिने मंजूर." काकांनी कप्पा हळूच लावून घेतला. "इंग्रजी पेपर काढा. आज वाचायचा राहिलाय."

"आणि हा नारळ?"

"असू दे देवापुढे. सुकला तरी बिघडत नाही."

जूनमध्ये मला नोकरी लागली आणि मी हिंजवडीला राहायला गेलो. काकांकडे फोन नव्हता. फोनवर माणूस काहीही कबूल करतो, असं त्यांचं मत. म्हणून मी पत्र टाकलं:

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.
नोकरीचा पहिला आठवडा पार पडला. पुरावा म्हणून कंपनीच्या बसच्या पासची झेरॉक्स जोडली आहे. माझ्या चिठ्ठीवर शेरा मारावा. इथे कागदाच्या टोपल्या प्रत्येक मजल्यावर चार आहेत.
येत्या रविवारी सकाळी आठला इंग्रजी पेपर वाचायला येतो. तो नारळ तेव्हा फोडू. त्यापुढच्या रविवारीही येईन, आणि त्याच्याही पुढच्या. आपले डोळे अजून दुखत असतीलच.
हे पत्र कप्प्यात ठेवावे. मुदतवाढ देऊ नये. लागणार नाही.
आपला,
गजानन