पुरात हरवल्या सातशे मुखांची हकीकत

श्रीगजाननास नमन. जी शारदा डोळियांस रंग देते आणि रंगांस ओळख देते, तीस दंडवत. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, भाद्रपद मासी राज्यात महापूर जाहला, ते समयी जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे.

नदी गावांत शिरली आणि माणसे होड्यांत घालोन मिळेल त्या छावणीस पोहोचविली, आणि त्यात मायलेकरांची ताटातूट जाहली. मग सरकारातून आज्ञा जाहली की, जे भयाने किंवा वयाने आपले नाव सांगू न शकत, त्यांच्या रंगीत छबी छावणीछावणीस धाडाव्या. परंतु मोबाईलचे मनोरे पडलेले, मोठी छबी उतरेना, म्हणोन ती लहान करावयाचे काम संगणकदफ्तरातील मथुराबाई कारखानीस यांजकडे सोपविले. बाई पायथन नामे संगणकाच्या भाषेत निष्णात, बोलणे थोडके. दफ्तराचे कारभारी सदाशिवपंत बोलिले, "बाई, सर्व छबी चौकोनी करा, शंभर ठिपके रुंद, शंभर उंच. दोन प्रहरी रवाना जाहल्या पाहिजेत." बाईंनी अर्ज केला, "पंत, उभी छबी चौकोनात कोंबली तर चेहरे फुगतील." पंत म्हणाले, "फुगोत. माय लेकरास ओळखणार नाही काय?" बाईंस पटले नाही, परंतु वेळ नव्हता, आणि त्यांनी मुकाट्याने चार ओळी लिहिल्या. त्या ओळींनी छबीचे मोजके ठिपके, ज्यांस पिक्सेल म्हणती, ठेविले, बाकीचे टाकिले, आणि सातशे छबी घटकेत रवाना जाहल्या.

तीन दिवस गेले आणि क्वचितच कोणी कोणास ओळखिले. चौथे दिवशी धोंडजी नामे नावाडी दफ्तरी आला आणि म्हणाला, "माझी कुशी नऊ वर्सांची. डाव्या भिवईवर तांबडा डाग हाय, तांदळाएवढा." बाईंनी त्या वयाच्या एका मुलीची लहान केलेली छबी दाखविली. "ही न्हवं. परवा छावणीतबी हीच दावली. ही कुणी रुंद तोंडाची, आन् डाग कुठं हाय?" मग बाईंनी तिचीच मूळ छबी उघडिली आणि धोंडजी मटकन खाली बसला. "हीच की वो! परवा मीच न्हाई म्हणालो हिला!" मुलगी उत्तरेच्या छावणीत होती, वाचा बसलेली. डाग टाकिल्या ठिपक्यांत गेला आणि तो आपल्याच हाते गेला, हे बाईंस कळले.

मग बाईंनी जुन्या ओळी पुसोन नव्या लिहिल्या. रुंदीउंचीचे प्रमाण राखिले, उरली जागा कोरी ठेविली, एकही ठिपका न टाकिता शेजारच्या ठिपक्यांचे तांबडे, हिरवे, निळे रंग निरनिराळे मोजोन प्रत्येकाची सरासरी घेतली, आणि तांदळाएवढा डाग फिका का होईना, जागी राहिला. पंत संतापले, "आज्ञेवाचून?" बाई बोलिल्या, "आज्ञा होती ती एकदा केली, पंत. शिक्षा मागाहून द्या, छबी आधी जाऊ द्या." पंतांनी भुईवर बसल्या धोंडजीकडे पाहिले आणि नव्या छबी धाडण्याचा हुकूम दिला. मग छावण्यांतून ओळखी पटू लागल्या. परंतु कित्येकांचे आप्त पहिली छबी पाहोन, आशा सोडोन परमुलखी निघोन गेले होते, त्यांमागे माणसे धाडिली, कोणी मिळाले, कोणी नाही.

एवंच, सातशे मुखांपैकी पाचशे बावन्न घरी पोहोचली. पंतांस मानवस्त्र मिळाले. राहिल्या एकशे अठ्ठेचाळीस छबी बाईंनी मूळ मापाने दफ्तराच्या भिंतीस लाविल्या, आणि जागा पुरेना तेव्हा आपले मेज बाहेर ओसरीत नेले. इति.