इक्बालच्या होडीचा इसार

सौद्यात आपल्याला कुणी गुंडाळू शकत नाही, असं आगरदांड्याचा इक्बाल होडी विकायच्या आठ दिवस आधीपासून भेटेल त्याला सांगत होता. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, या कमरेने आता दर्या पुरे. होडी चांगल्या भावात गेली की रिक्षा घ्यायची आणि बसल्या बसल्या मुरूडच्या फेऱ्या मारायच्या, हे त्याचं पक्कं ठरलं होतं.

तयारी त्याने मोबाइलवर केली. व्हिडिओतला टायवाला म्हणाला, मालाला दुसरंही गिऱ्हाईक आहे असं समोरच्याला वाटलं पाहिजे. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून इक्बालने मेहुण्याला, मुझम्मिलला नेमलं. तो न्हावा शेव्याला गोदामात कारकून. इस्त्रीच्या शर्टात तो कशाचंही गिऱ्हाईक वाटायचा.

"बाई आकडा बोलली की मी खोकतो. तू यायचं, पंचवीस हजार चढवायचे. आणि घरात कुणाला बोलू नको," इक्बाल म्हणाला. गुप्तता पाळा, असंही टायवाल्याने सांगितलं होतं.

शुक्रवारी नमाजनंतर रेवदंड्याची केसरबाई आली. चार होड्यांची मालकीण. तिने होडीला फेरी मारली, इंजिन ऐकलं आणि घरी येऊन ओट्यावर बसत म्हणाली, "तीन लाख."

इक्बालच्या मनात रिक्षा सुरूसुद्धा झाली. पण एवढी तयारी वाया कशी घालवायची? तो खोकला.

मुझम्मिल आला. "सव्वातीन."

"ह्यो कोण?"

"गिऱ्हाईक," इक्बाल म्हणाला.

केसरबाईने मुझम्मिलला चपलेपासून भांगापर्यंत बघून घेतलं. "बोलायला काय जातंय? इसार काढतो का?"

हे व्हिडिओत नव्हतं. मुझम्मिलने इक्बालकडे बघितलं, इक्बालने आभाळाकडे. माघार घ्यावी तर सोंग उघडं पडणार. मुझम्मिलने पाचशेची नोट काढून पुढे धरली. इक्बाल काही हात पुढे करेना. पण दारात मुझम्मिलची आई, म्हणजे इक्बालची सासू जैबुन्निसा बसली होती आणि तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. लेक होडी घेतोय, एवढंच तिला दिसलं. तिने बिस्मिल्ला म्हणून नोट घेतली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारली.

केसरबाई उठली. "इसार पडला. आता मी मधे बोलले तर बंदरावर तोंड दाखवायला जागा न्हाय."

"चहा तरी घ्या..."

"घेतला समजा, इक्बालभाय."

खरं सांगावं तर लबाडी कबूल करायची, गप्प बसावं तर तीन लाख डोळ्यांदेखत चालले. इक्बाल गप्प बसला. ती वळणाआड गेल्यावर मात्र त्याने सासूचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

"अम्मी, ते नाटक होतं. नोट परत द्या त्याला."

"मग बिस्मिल्ला काय मी नाटकात म्हटलं? जबान दिली. होडी मुझम्मिलची."

"त्याच्याकडं पैसे कुठं हायत?"

"होडी कमवेल तसे देईल. घरातलाच हाय."

मुझम्मिल हळूच म्हणाला, "दुल्हाभाई, मला पाणी लागतं. होडीत पाय ठेवला की ओकाऱ्या सुरू."

तर सध्या होडी मुझम्मिलची आहे. तिच्या कमाईतून तो इक्बालला तिची किंमत फेडणार आहे. आणि ती कमाई करायला रोज पहाटे, कमरेला पट्टा आवळून, इक्बाल दर्यात जातो.